एक, तीन, चार, दोन

बस्त्याव मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं, तेव्हा मी त्यांच्या वर्गात नव्हतेच. आत शिरले होते चौकशीला. वय बावीस, खांद्याला शबनम, शबनममध्ये पत्रकांचा गठ्ठा आणि डोक्यात कायम कुणाचा तरी निषेध. खारी गावाच्या टोकाला पत्र्याची एक शेड होती. तिथे मोटार मेकॅनिकचा वर्ग चालतो आणि त्याची दुर्दशा आहे, असं कानावर आलं होतं. दुर्दशा हा तर आमचा हातखंडा विषय. मी सरळ आत गेले, टेबलावर ठेवलेला कार्बोरेटर उचलला आणि विचारलं, इथे जबाबदार माणूस कोण आहे?

पाठीमागून आवाज आला, "बाय, हात धुतलंस?"

वळून पाहिलं तर साठीचा एक काटकुळा माणूस. पांढरा शुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याला कडक इस्त्री, खिशाला पेन नाही पण लांबलचक स्क्रूड्रायव्हर. मला वाटलं, हा कुणी पाहुणा असावा, लग्नाला जाता जाता वाट चुकलेला. मी म्हटलं, मोटारीच्या वर्गात हात धुवून कशाला यायचं, इथून जाताना धुवायचे ना. त्यांनी माझ्या हातातला कार्बोरेटर अलगद काढून घेतला, दुसऱ्याच्या कडेवरचं तान्हं घ्यावं तसा, आणि दाराबाहेरच्या पाण्याच्या पिंपाकडे बोट केलं. सोळा पोरं माझ्याकडे बघून दात काढत होती. मी बाहेर गेले. धुतले हात. संताप आला होता, पण धुतले.

परत आत आल्यावर त्यांनी कारण सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. "इंजिनाचा काला हाताला लागला त साबनानं जातं. हाताचा खडा इंजिनात गेला त जात न्हाय. त्या इंजिनाला खातं."

हे बस्त्याव मास्तर. राहायला उत्तनला, समुद्राच्या काठी. चर्चच्या वहीत नाव सेबॅस्टियन असेल, पण उत्तनमध्ये सेबॅस्टियनचा बस्त्याव होतो आणि भाईंदर पूर्वेला येईपर्यंत त्याचा मास्तर होतो. लहानपणी बापाच्या होडीवर. होड्यांना इंजिनं लागली तेव्हा शिडाची दोरी सोडून हे तेलाच्या डब्याशी बसले ते बसलेच. मग तीस वर्षं एका बस डेपोत. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी उत्तनहून बस धरायची, भाईंदर स्टेशनला उतरायचं, पूल ओलांडून पूर्वेला यायचं आणि खारीपर्यंत चालत. चारच्या ठोक्याला वर्ग. एवढं चालूनही शर्टाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. इंजिनात कोपरापर्यंत हात घालायचे आणि बाहेर काढायचे तेव्हा शर्ट जसाच्या तसा. पोरांचे शर्ट मात्र पहिल्या आठवड्यातच तव्यासारखे होत. मास्तर म्हणत, कपड्याला लागलेलं ग्रीस म्हणजे इंजिनाला न लागलेलं ग्रीस.

ज्यांनी तेव्हाचं भाईंदर पूर्व पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. नवघर, खारी ही मूळची गावं, भातशेतीची आणि मिठागरांची. ऐंशीच्या दशकात आम्ही मुंबईकर तिथे आलो. आम्ही म्हणजे माझ्या वडिलांसारखे कचेरीत खर्डेघाशी करणारे, गिरगाव-परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून सुटून स्वतःच्या दोन खोल्यांवर खूश झालेले. आमच्या खोल्या कुणाच्या शेतावर उभ्या आहेत हे आम्ही विचारलं नाही. मला ते दत्तूने सांगितलं. दत्तू पाटील, खारीचा, मास्तरांच्या वर्गातला सगळ्यात मोठा, वीस-एकवीसचा. मी कुठे राहते ते ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे आमच्या खलाटीत. तुमचा जिना हाय ना ताई, तिथं आमचा खला असायचा." खलाटी म्हणजे सखल भातशेत, खळा म्हणजे मळणीची जागा. मी रोज त्यावरून चपला वाजवत उतरत होते.

शेती गेली ती गेली. तिच्या जागी दत्तूच्या चुलतभावांना काय मिळालं? आपल्याच शेतावरच्या इमारतीच्या फाटकाशी एक स्टूल आणि एक शिट्टी. हे वाचून कुणाला राग येत नसेल तर त्याने पुढे वाचू नये.

तेव्हा हा वर्ग म्हणजे त्या सोळा पोरांची एकच वाट होती. वर्षभराचं शिक्षण, शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन प्रात्यक्षिक घेणार, पास झालात तर सर्टिफिकेट. सर्टिफिकेट असेल तर डेपो, कंपनी, मोठं गॅरेज. नसेल तर स्टूल आणि शिट्टी. आणि या सोळा जणांना शिकायला इंजिन किती? एक. तेही एका मोडीत काढलेल्या टॅक्सीचं, लोखंडी घोडीवर चढवलेलं, वर रंगाचा एक कण नसलेलं.

मी पेटले. आमचं सहा जणांचं मंडळ होतं. पाण्यावर पत्रक, रस्त्यावर पत्रक, दिव्यांवर पत्रक. सायक्लोस्टाइलचं मशीन नवघर रोडवर एका टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत. त्याच संध्याकाळी मी लिहून काढलं. मला ते अजून पाठ आहे, कारण पुढे मला ते बऱ्याचदा आठवावं लागलं: "सोळा विद्यार्थी, इंजिन एक, आणि तेही भंगार! भूमिपुत्रांना भंगारावर शिकवून भंगारच बनवणार काय? हे भंगार तात्काळ हटवा! नवे इंजिन मिळालेच पाहिजे!" पाचशे प्रती. ज्या कार्यालयाच्या ताब्यात ती शेड होती तिथे वीस प्रती अर्जासोबत जोडून दिल्या, पोच घेतली. त्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. एरवी नावं घ्यायला मी कचरत नाही, पण या प्रकरणात पहिली चूक त्यांची नव्हती.

पोरं पत्रकावर बेहद्द खूश. अन्वर म्हणून एक होता, रेल्वे फाटकापलीकडच्या चाळीतला, त्याने ते हिंदीत करून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, हातवारे करून. मास्तरांनी चष्मा लावला, एकदा वाचलं, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

मी विचारलं, कसं वाटलं?

"बाय, तू इंजिन आयकलंस का?"

मी म्हटलं, पाहिलं ना.

"पायलंस. आयकलंस का?"

त्यांनी दत्तूला हँडल मारायला सांगितलं. तेव्हा मोटारींना पुढून हँडल मारून सुरू करायची सोय असे, विहिरीच्या रहाटासारखं फिरवायचं. दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं. शेड थरथरली, पत्रा वाजायला लागला. मास्तरांनी खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनाच्या डोक्यावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाशी धरली.

आणि बाहेरचा सगळा गोंगाट गेला. आत कुणीतरी चालत होतं. टक टक टक टक, चार पावलं, एकसारखी, मध्ये कुठे अडखळ नाही. मास्तर स्क्रूड्रायव्हर सरकवत होते, एकेका सिलिंडरवर नेत होते, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा होता, एकाच घरातल्या चार भावांसारखा. मला हसू यायला लागलं. का ते सांगता येत नाही. पत्रकं लिहिताना मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

मास्तरांनी ओरडून सांगितलं, "एक, तीन, चार, दोन!"

इंजिनात सिलिंडर असतात चार, एकाशेजारी एक, रांगेत. पण ठिणगी पडते ती रांगेने नाही. आधी पहिल्यात, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात आणि मग दुसऱ्यात. रांगेने पडली तर इंजिन चालत नाही. ही वर्गाची प्रार्थना होती. वर्ग सुरू होताना सोळा जण मोठ्याने म्हणत, एक तीन चार दोन, एक तीन चार दोन, आणि मास्तर पायाने ठेका धरत. वर म्हणत, "इंजिनात रांग न्हाय. बारी हाय. ज्याची बारी तो पेटनार. भाव मारून पुढं घुसला त सगली गाडी बंद."

पत्रक मात्र गेलेलं होतं.

मास्तरांच्या वर्गाची एक रीत होती. प्रत्येक बॅचने ते इंजिन शेवटच्या नटापर्यंत खोलायचं, धुवायचं, फरशीवर मांडायचं आणि परत जोडायचं. जोडून चालू झालं की ती बॅच परीक्षेला लायक. जोडताना मास्तर हात पाठीमागे बांधून उभे राहत. विचारलं की सांगत, पण उत्तर कधी सरळ नाही. "मना नको इचारू. त्याला इचार," असं म्हणून हनुवटीने इंजिन दाखवायचे. हात पुढे यायचा नाही म्हणजे नाही. एकदा अन्वरचा बोल्ट तिरपा चढत होता, आटे झिजायला लागले, त्याने वर पाहिलं, मास्तर छताकडे बघत उभे. "उस्ताद, बोलो ना कुछ," अन्वर म्हणाला. मास्तर म्हणाले, "बोल्ट बोलतो हाय, तू आयकत न्हाय." त्यांचं हिंदी हे असं होतं. तीस वर्षं डेपोत सगळ्या मुलखांतल्या ड्रायव्हरांशी ते असंच बोलले आणि सगळ्यांना कळलं.

पण इंजिन ऐकल्यापासून मी रोजच वर्गाला जाऊ लागले होते आणि दारात, म्हणजे त्यांच्या पाठीशी बसलेली असे, त्यामुळे पोरांना न दिसणारी एक गोष्ट मला दिसे. पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं हलत असायची. पोरं समोर नट पिळायची आणि इथे मास्तरांच्या पाठीशी दोन बोटं आणि अंगठा हवेतला नट पिळत असायचा. पोरगा चुकीच्या बाजूला फिरवत असेल तर मास्तरांची बोटं बरोबर बाजूला फिरायची. तोंडावर मात्र काही नाही.

अशा एका शनिवारी इंजिन पूर्ण खोलून मांडलेलं होतं. मांडायला कागद हवा म्हणून माझीच उरलेली पत्रकं अंथरलेली. चार पिस्टन "भूमिपुत्रांना"वर, स्प्रिंगा "मिळालेच पाहिजे"वर. तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला. त्या कार्यालयाचे स्टोअरकीपर तावडे आत आले, सोबत दोन हमाल. तावडे म्हणजे कानावर पेन्सिल ठेवणारा, अतिशय सज्जन, रजिस्टरला देव मानणारा माणूस. त्यांच्या हातात पत्र होतं. मास्तरांनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं.

सदर शेडमधील मोटार इंजिन एक नग भंगार असल्याबाबत नागरिकांची तक्रार प्राप्त झाली असून सदर भंगार तात्काळ हटवून भांडारात जमा करावे. नवीन इंजिनाची बाब विचाराधीन आहे.

नागरिक म्हणजे मी. "तात्काळ हटवा" हेही माझंच. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पत्रकाची शब्दशः अंमलबजावणी होत होती. परीक्षेला महिना राहिला होता. इंजिन गेलं तर प्रात्यक्षिक नाही, प्रात्यक्षिक नाही तर परीक्षा नाही, आणि विचाराधीन म्हणजे किती वर्षं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी तावडेंवर तुटून पडले. ते नम्रपणे म्हणाले, मॅडम, आम्ही तर तुमच्याच मागणीप्रमाणे आलो. दत्तूने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. ती नजर मला अजून पुसता आलेली नाही.

मास्तर अजिबात चिडले नाहीत. त्यांनी तावडेंना बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, कागदावर काय लिवलंय, किती नग?

"एक नग."

मास्तरांनी फरशीकडे हात केला. "घ्या मोजून. एक नग कंचा त्या दाखवा, मी सोता उचलून देतो."

तावडे वाकले. पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, स्प्रिंगा, नटबोल्टांचे ढीग, वायसर. म्हणाले, मास्तर, चेष्टा करताय. मास्तर म्हणाले, चेष्टा न्हाय, तुमच्या रजिस्टरात दोनशे नग लिवा, एकेकाची पावती द्या, न्या. एक नग लिवून दोनशे नेलंत आनि उद्या एक वायसर कमी भरला त सायेब कोनाला इचारंल? तावडेंच्या कपाळाला घाम आला. रजिस्टरला देव मानणाऱ्याला देवाचीच भीती घातली होती.

बराच वेळ पेन्सिल चावून तावडे म्हणाले, पुढच्या शनिवारी येतो, जोडून ठेवा, एक नग. मग उठता उठता, का कोण जाणे, हळूच म्हणाले, "आणि मास्तर, समजा ते चालू असेल, तर मला भंगारात घेताच येत नाही. चालू मालाचं रजिस्टरच वेगळं. पण साहेबांनी डोळ्यांनी बघायला हवं."

ट्रक रिकामा गेला. सोळा पोरं, मास्तर, मी आणि फरशीभर इंजिन. एरवी जोडायला तीन आठवडे लागत. आता सात दिवस होते.

तो आठवडा. अजून आठवला की माझे तळहात गरम होतात. वर्ग चारला सुरू व्हायचा, पोरं दुपारी बारालाच येऊन बसू लागली. अन्वरने कामावर पोटदुखीचा निरोप धाडला. दत्तूच्या आईने सोळा जणांना पुरतील एवढ्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं सुकं पाठवलं, आणि खाऊन झालं की सगळे पिंपावर रांगेने हात धुवायचे, न सांगता. रिंगा घासल्या, वॉल्व्ह घासून बसवले, गॅस्केट कापलं. एक बोल्ट कमी निघाला तेव्हा सोळा जण फरशीवर पालथे पडून शोधत होते आणि तो अन्वरच्या पायजम्याच्या घडीत सापडला. तेव्हा जी आरडाओरड झाली ती ऐकून शेजारची म्हातारी विचारायला आली, कोनाला मुलगा झाला का.

माझी लुडबुड चालूच होती. अपराधी माणूस स्वस्थ बसत नाही. मी म्हटलं, मी तुम्हाला सगळ्या भागांवर चिठ्ठ्या लावून देते, शोधायला वेळ जाणार नाही. पत्रकांच्या कोऱ्या बाजू फाडून नंबर घालून चिकटवत सुटले. मास्तरांना चिठ्ठ्या आवडत नसत, पण त्या वेळी ते काही बोलले नाहीत. बघून पुढे गेले.

गुरुवारी मी त्यांच्याशी भांडले. पोरं दमली होती, ठिणगीची वेळ जुळवायचं सगळ्यात नाजूक काम राहिलं होतं, आणि मास्तर हात पाठीमागे बांधून उभे. मी म्हटलं, मास्तर, ही परीक्षा नाही, हे वाचवायचं आहे. तुम्ही दहा मिनिटांत लावाल. लावा ना. कोण बघतंय?

मास्तरांनी हनुवटीने पोरांकडे दाखवलं. मग म्हणाले, "मी लावला त शनवारी इंजिन वाचंल. पन त्या माजा इंजिन. सोमवारपासून ही सोला जनं काय सांगतील, आमच्या मास्तरला येतं?"

मी म्हटलं, आणि नाही चालू झालं तर?

"त नेतील," मास्तर म्हणाले. पाठीमागे बोटं नट पिळत होती.

शनिवारी तावडे आले, ट्रक आला, आणि साहेब आले. साहेब तरुण होता, सफारी घातलेला, घाईत. त्याने घड्याळ पाहिलं. इंजिन घोडीवर, पुसून लखलखीत, एक नग. बॅटरी जोडली, पाणी भरलं, पेट्रोल सोडलं. दत्तूने देवाचं नाव घेतलं आणि हँडल मारलं.

काही नाही.

पुन्हा मारलं. पुन्हा. अन्वरने मारलं. मग एकाएकी कार्बोरेटरच्या तोंडातून फाटकन आवाज झाला, वीतभर जाळ आला आणि तावडे रजिस्टर छातीशी धरून दोन पावलं मागे उडाले. हमाल पुढे सरकले. साहेब म्हणाला, चला, उचला.

मी मास्तरांच्या पाठीशी उभी होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, हात दिसत होते. बोटं फिरत नव्हती, एकमेकांना आवळून पांढरी पडली होती. मला तेव्हाच कळलं की त्यांना दोष माहीत आहे. कुठला ते ठाऊक आहे, आणि ते सांगणार नाहीत. मला त्यांना धक्का मारून पुढे ढकलावंसं वाटलं. दोन पावलांवर सोळा जणांचं नशीब होतं आणि हा माणूस आपलेच हात धरून उभा होता.

दत्तू म्हणाला, "सायेब, पाच मिंटा."

साहेबाने तावडेंकडे पाहिलं. तावडेंनी शांतपणे रजिस्टर उघडलं, पेन्सिल काढली, तासायला घेतली. इतकी सावकाश पेन्सिल तासलेली मी जन्मात पाहिली नाही.

दत्तू इंजिनासमोर उकिडवा बसला. मास्तरांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. डोळे मिटून पुटपुटायला लागला, एक, तीन, चार, दोन. पायाने ठेका. एक, तीन, चार, दोन. मग अन्वर पुटपुटायला लागला, मग सगळेच. डोळे उघडून दत्तूने ठिणगी वाटणाऱ्या टोपीवर बोट ठेवलं. त्या गोल टोपीतून चार तारा निघतात आणि चार सिलिंडरांना जातात. टोपीच्या चार भोकांवर चार चिठ्ठ्या होत्या, गोलाकार, सुवाच्य अक्षरात. एक. दोन. तीन. चार.

"ताई," दत्तूने विचारलं, "ह्या चिठ्ठ्या कोनी लावल्या?"

अक्षर माझं होतं. मागण्यांना लावावेत तसे नंबर लावले होते, क्रमवार. रांगेने. मी इंजिनात रांग लावली होती.

मी म्हटलं, मी.

दत्तू हसला. खरंच हसला, त्या परिस्थितीत. टराटरा चारही चिठ्ठ्या उपटल्या, तीन तारा काढल्या, जागा बदलल्या, आणि हँडल अन्वरच्या हातात दिलं. "मार."

पहिल्या झटक्यात. पहिल्याच. शेड थरथरली, पत्रा वाजला, उरलेली पत्रकं फरशीवरून उडायला लागली. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. शेजारची म्हातारी परत आली. त्या गदारोळात तावडे पुढे आले आणि सज्जनपणे, आदराने, इंजिनाला हात लावायला गेले.

"हात धुतलंत?" मास्तरांनी विचारलं.

आणि तावडे, साहेबांसमोर, पिंपावर जाऊन हात धुवून आले. मग मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि आधी तावडेंच्या, नंतर साहेबाच्या कानामागे धरला. साहेबाने पुन्हा घड्याळ पाहिलं नाही. बराच वेळ वाकून ऐकत होता. रजिस्टरात तावडेंनी लिहिलं: मोटार इंजिन, एक नग, चालू स्थितीत. टोकदार पेन्सिलीने, आणि वरून पेनाने.

सगळे पांगल्यावर मी मास्तरांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं?

"तू चिकटवलंस तवाच."

मग बोलला का नाहीत? माझा आवाज चढला होता. सोळा पोरांचं वर्ष तुम्ही पणाला लावलंत.

ते पिंपावर हात धूत होते, दिवसभर कशालाही न लागलेले. म्हणाले, "बाय, उद्या गॅरेजात मालक चुकीचा सांगंल, गिऱ्हाईक चुकीचा सांगंल, छापलेला कागद चुकीचा सांगंल. दत्तूनं कोनाचा आयकायचा?" मग खिशातून चार घड्यांचं माझं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. इतके दिवस ते त्यांनी जवळ ठेवलं होतं. "अक्षर चांगला हाय तुजा," म्हणाले.

सोळांपैकी चौदा पास झाले. तो वर्ग पुढे काही वर्षं चालला, मग शेडची जागा इमारतीत गेली, आणि नवीन इंजिन शेवटपर्यंत विचाराधीनच राहिलं. त्यावरही मी पत्रक काढलं होतं. फक्त लिहिण्याआधी हात धुतले होते, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. आता काहीही लिहायचं तर आधी जाऊन ऐकून येते. आमच्या मंडळातले काही जण म्हणतात, तुझी धार गेली. जाऊ दे.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते मिरा रोडला, पूनम सागर वसाहतीच्या बाजूला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. दत्तूने तिथे गॅरेज काढलंय, अन्वर भागीदार. दाराशीच पाण्याचं पिंप. मी गेले तेव्हा एक नवीकोरी गाडी आत उभी होती, कार्बोरेटर नसलेली, वायरींच्या जंजाळाची, आणि ती सुरू होत नव्हती. दत्तूकडे शिकणाऱ्या दोन मुली बॉनेटमध्ये वाकल्या होत्या. मास्तर उत्तनहून बस बदलत सहज आले होते. तोच पांढरा शर्ट, आता गळ्याशी सैल. कुणीतरी म्हणालं, मास्तर, बघता का जरा? ते म्हणाले, मना यातला काय कलत न्हाय.

एका मुलीने घाबरून मागे पाहिलं. दत्तू तिला म्हणाला, मना नको इचारू, त्याला इचार.

मी सवयीने दारात, त्या दोघांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. दोघांचे हात मागे बांधलेले. दत्तूची बोटं हवेत काहीतरी पिळत होती, जोरजोरात, उजवीकडे, पुन्हा उजवीकडे.

मास्तरांची बोटं स्वस्थ होती.